आधी बुश बघा!

आपल्या मंडळातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना गेल्या काही वर्षांत एक नवं वेड लागलंय. घराचं कर्ज आटोक्यात येतं, मुलं कॉलेजला जातात, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा रिकामी होते आणि एके दिवशी तिथे साठ सालातली एखादी मस्टँग नाहीतर जुनी जीप येऊन उभी राहते. डेट्रॉइटच्या परिसरात राहून हे वेड लागलं नाही तरच नवल! मस्टँग १९६४ पासून २००४ पर्यंत इथल्याच डिअरबॉर्नमध्ये तयार होत होती. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' भरते (२०२० चा अपवाद सोडून), तेव्हा आपल्या पंढरीच्या वारीची आठवण यावी अशी गर्दी असते. फक्त टाळ-मृदंगाच्या जागी व्ही-८ इंजिनं असतात.

या वेडाबद्दल माझी तक्रार नाही, कारण मीही त्यातलाच. माझी तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. "क्लच फार जड आहे रे, हायड्रॉलिक करून टाकतोय!" हे वाक्य मी गणपतीच्या आरतीनंतर ऐकलंय, दिवाळीच्या फराळाला चकली हातात धरून ऐकलंय आणि पिकनिकला कणसं भाजताना तर हमखास ऐकलंय. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, जणू गावाकडच्या वाड्यात नळ आणून पाण्याची सोय करतोय. ऐकणारेही "वा, छान!" म्हणतात. पण "का रे बाबा?" असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

म्हणून मी विचारतो. आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दहातल्या आठ जणांना या बदलाची गरज नसते. दोघांना असते, आणि त्यांच्याबद्दल मी शेवटी लिहिलं आहे. उरलेले आठ जण काही डॉलर्सच्या झिजलेल्या बुशसाठी कित्येकशे डॉलर्सचा इलाज करतात, आणि तोही चुकीच्या आजारावर. (हे आकडे माझ्या ओळखीपाळखीतले आहेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत. आणि हा 'बुश' म्हणजे दोन भागांमधली घर्षण सोसणारी छोटीशी बांगडी, बरं का! राष्ट्राध्यक्ष बापलेकांशी तिचा काही संबंध नाही.)

पायापासून क्लचपर्यंत

ज्यांना गाडीत फक्त बसायचं असतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये, म्हणजे १९६४ पासून १९७३ पर्यंतच्या, पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तेलही नाही आणि केबलही नाही. नुसत्या लोखंडी दांड्या आणि तरफा. पेडल दाबलं की त्याला जोडलेली दांडी फायरवॉलच्या (म्हणजे आपले पाय आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) पलीकडे जाते आणि एका आडव्या नळीचा हात ढकलते. या नळीचं पुस्तकातलं नाव 'इक्वलायझर बार' आणि गॅरेजमधलं नाव 'झेड बार'. तिचं एक टोक गाडीच्या सांगाड्यावर टेकलेलं असतं, दुसरं इंजिनवर. नळी स्वतःभोवती फिरली की तिचा दुसरा हात एका छोट्या दांडीला ढकलतो, ती दांडी फोर्कला, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना. बोटं दबली की क्लच सुटतो आणि आपण गिअर टाकतो.

हायड्रॉलिकमध्ये या दांड्यांच्या जागी तेल येतं. पेडल एका मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतं, तेल नळीतून गिअरबॉक्सपाशी जातं, तिथे स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि तो फोर्कला ढकलतो. काही किटमध्ये फोर्कही काढून टाकतात आणि रिलीज बेअरिंगच तेलाच्या दाबावर सरकतं. दोन्ही रचना चांगल्या आहेत. प्रश्न रचनेचा नाहीच, तो ती बदलण्याच्या कारणाचा आहे.

दांड्यांच्या साखळीत जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात, तिथे बुश असतात. पन्नास-साठ वर्षांत ते झिजतात, काही ठिकाणी तर फुटून गळूनच पडलेले असतात आणि कुणाच्या ते लक्षातही आलेलं नसतं. मग प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते. थेंबे थेंबे तळे साचे! शिवाय पेडल जितकं खाली जातं त्याच्या मानाने फोर्क अगदी थोडा सरकतो, त्यामुळे फोर्काजवळची एक मिलिमीटरची ढिलाई पेडलपाशी कित्येक पटींनी जाणवते. पेडल अर्धं खाली गेलं तरी क्लच जागचा हलत नाही, पहिला गिअर टाकताना खर्रर्र होतं, आणि मालक जाहीर करतो, "साठ सालातलं तंत्रज्ञान! कालबाह्य झालंय!"

कालबाह्य काही झालेलं नाही, बुश झिजलेत.

"हायड्रॉलिक म्हणजे हलकं"

सगळ्यात लोकप्रिय गैरसमज हा. आपण सगळे नववी-दहावीत पास्कलचा नियम शिकलो आहोत, बहुतेकांनी त्यात पैकीच्या पैकी गुणही मिळवले असतील. तोच नियम इथे लावून बघा. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा एक इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर सुमारे १.७८. म्हणजे स्लेव्हकडे जोर १.७८ पट होतो, हे खरं. पण मास्टरचा दट्ट्या एक इंच ढकलला तर स्लेव्हचा जेमतेम ०.५६ इंच सरकतो. फोर्काला पुरेसं सरकवायचं असेल तर पेडल तेवढं जास्त दाबावं लागणार. जोर वाचला, तर अंतर वाढलं. तरफेचंही नेमकं हेच असतं. निसर्गाच्या दुकानात उधारी चालत नाही, मग काउंटरवर लोखंड असो की तेल.

मग एखाद्याचं पेडल हायड्रॉलिक केल्यावर खरोखरच हलकं होतं, ते का? बहुतेक वेळा कारण असं, की काम करताना गिअरबॉक्स खाली उतरवलेला असतो, 'आता उघडलंच आहे तर' म्हणून प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळंच नवं घातलेलं असतं आणि कोरडे सांधे साखळीतून गेलेले असतात. पेशंटला औषधही दिलं, पथ्यही पाळायला लावलं, नवस बोलून गंडाही बांधला. बरा झाला तो गंड्याने!

पेडल किती जड असावं हे मुख्यतः प्रेशर प्लेट ठरवते. मूळ मस्टँगमध्ये तीन बोटांची प्रेशर प्लेट असे. मधल्या काळात कुणा हौशी मालकाने शर्यतीच्या नादात जास्त कडक स्प्रिंगांची प्लेट घातली असेल, तर ते पेडल दाबताना मांडी भरून येणारच. अशा वेळी चांगल्या प्रतीची डायफ्रॅम प्रकारची प्लेट घातली की जोर चांगलाच कमी लागतो, आणि दांड्या जागच्या जागी राहतात. दुसरी गोष्ट, पेडलच्या वर डॅशबोर्डखाली एक दणकट मदतनीस स्प्रिंग असते. पेडल अर्ध्याच्या पुढे गेलं की ती आपल्या बाजूने ओढते. कित्येक गाड्यांत ही स्प्रिंग कुणीतरी केव्हातरी काढून टाकलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे वंगण. फोर्कचा टेकू, झेड बारची दोन्ही टोकं, बेअरिंग जिच्यावर सरकतं ती नळी, या जागा कोरड्या असतील तर आपला अर्धा जोर गंज घासण्यातच जातो.

आणि मुळात 'पेडल जड आहे' आणि 'गिअर नीट पडत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणं वेगळी, इलाज वेगळे. आपली मंडळी त्या दोन्हींची एकच पुडी बांधतात आणि वर 'हायड्रॉलिक' असं लेबल चिकटवतात.

"सगळ्या नव्या गाड्यांत तेच असतं"

असतं. पण का असतं? आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं, बॉनेटखाली बोट घालायला जागा नसते, आणि एकच गाडी डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोन्ही स्टीअरिंगसाठी बनवायची असते. लोखंडी दांडी वळणं घेत जाऊ शकत नाही, तेलाची नळी जाते. शिवाय क्लच प्लेट झिजेल तसं हायड्रॉलिक आपोआप जुळवून घेतं. कारखानदाराच्या दृष्टीने हे फायदे मोठे आहेत. १९६५ च्या मस्टँगमध्ये मात्र पेडलपासून क्लचपर्यंतचा रस्ता जवळजवळ सरळ आहे. तिथे ही अडचण मुळातच नाही.

आणि 'नवं ते हायड्रॉलिक' हा नियम तरी कुठे खरा आहे? याच मस्टँगला १९७९ पासून २००४ पर्यंत केबलचा क्लच होता, हायड्रॉलिक आला तो २००५ च्या मॉडेलला. पोर्शे ९११ सारखी गाडी १९८६ पर्यंत केबलवर चालली. त्या इंजिनिअरांना तेलाचा शोध लागायचा होता असं थोडंच आहे? आणि आपल्यापैकी निम्मे लोक तर वडिलांच्या चेतकवर पुढे उभं राहून लहानाचे मोठे झाले. तिची क्लच केबल तुटायची, वडील डिकीतून दुसरी काढून रस्त्याच्या कडेलाच घालायचे आणि आपण वेळेवर शाळेत पोचायचो. तेव्हा कुणीही "बाबा, हायड्रॉलिक करून टाका" असं म्हटलं नव्हतं.

"ब्रेक हायड्रॉलिक झाले, मग क्लच का नको?"

हा प्रश्न मात्र हुशार माणसाचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. खुद्द फोर्ड कंपनी यात एकदा हट्टाला पेटली होती. इतर कंपन्यांनी विशीच्या दशकापासून हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारायला सुरुवात केली, पण फोर्डच्या गाड्यांना थेट १९३८ पर्यंत दांड्यांचे आणि केबलचे ब्रेक होते. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद आहे, याचीच ते जाहिरात करत. शेवटी १९३९ च्या मॉडेलपासून त्यांना हायड्रॉलिकवर यावंच लागलं. फोर्डचा तो हट्ट चुकीचाच होता, आणि 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

पण ब्रेकचं काम वेगळं आहे. तिथे एका पायाचा जोर चार चाकांवर मापात पोचवायचा असतो. दांड्यांनी ते साधणं महाकठीण, कारण एक बाजू किंचित ओढली गेली तरी गाडी तिरकी पळते. बंदिस्त तेलातला दाब मात्र सगळीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे तिथे पास्कलचा नियम वरदान ठरला. क्लचला चार फोर्क नसतात, एकच असतो. वाटणीचा प्रश्नच नाही, तर न्यायाधीश कशाला?

"एकदा बसवलं की बघायला नको"

आता हे बघू. क्लचला वापरतात ते ब्रेकचंच तेल, साधारणपणे 'डॉट ३' किंवा 'डॉट ४'. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. 'डॉट ३' च्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओलावा शोषलेल्या तेलाला १४० ची मुभा आहे. क्लचच्या बाबतीत उकळण्यापेक्षा त्या ओलाव्याने सिलिंडर आतून गंजण्याची भीती जास्त. आपल्या छंदाच्या गाड्या नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपलेल्या असतात. गंज मात्र झोपत नाही. म्हणजे ठरावीक काळाने तेल बदलणं आलं, हवा काढणं आलं, रबरी सील बदलणं आलं. आणि हे तेल रंगावर सांडलं तर रंगाचे पोपडे निघतात, ते वेगळंच.

फोर्क काढून आत गिअरबॉक्सपाशी हायड्रॉलिक बेअरिंग बसवलं असेल तर त्याचं सील गळायला लागल्यावर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. याचा धडा जीप कंपनीनेच घेतला होता. १९८७ च्या रँग्लरमध्ये त्यांनी स्लेव्ह सिलिंडर आत घातला, तक्रारींना तोंड दिलं आणि १९९४ च्या मॉडेलपासून तो बाहेर आणला. पगारी इंजिनिअरांची फौज असलेल्यांना जे सात वर्षांनी पटलं, ते आपण शनिवार-रविवारात पटवून घ्यायला काय हरकत आहे?

बसवण्याचं कामही किटच्या डब्यावरच्या चित्राइतकं सोपं नसतं. फायरवॉलचा पत्रा पातळ असतो. मास्टर सिलिंडर तिथे नुसताच ठोकला तर प्रत्येक दाबाबरोबर पत्रा वाकतो, पुढे त्याला तडे जातात. मागून जाड पट्टी लावावी लागते. पेडलची दांडी दट्ट्याच्या अगदी रेषेत हवी, नाहीतर सील एकाच बाजूने झिजतं. ती मदतनीस स्प्रिंग काढावी लागते, नाहीतर पेडल खाली चिकटून बसतं. पेडलला खाली थांबा हवा, नाहीतर दट्ट्या गरजेपेक्षा पुढे जातो. हे सगळं निगुतीने करणारे लोक आहेत, त्यांच्या गाड्या सुरेख चालतात आणि त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्यातला एकही जण मला "हायड्रॉलिक करून टाकतोय" असं म्हणताना आढळला नाही. 'करून टाकणं' हा क्रियापदाचा प्रकारच वेगळा!

खरी गोष्ट निरोप्याची

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या १९६६ च्या गाडीचा क्लच लहरी झाला. संथ चालवताना ठीक, पण जोरात पिकअप घेतला की क्लच कुठल्या उंचीवर पकडेल याचा भरवसा नाही. इथल्याच एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने एक फेरफटका मारला, परत आला आणि गाडीखाली डोकंही न घालता हायड्रॉलिकचं अंदाजपत्रक हातात ठेवलं, अठराशे डॉलर्स. मी "विचार करून सांगतो" असं आपलं खास मराठी उत्तर देऊन गाडी घरी आणली. स्टँडवर चढवून खाली शिरलो, तर ड्रायव्हरच्या बाजूच्या इंजिन माउंटचं रबर फाटून दोन तुकडे झालेलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. झेड बारचं एक टोक सांगाड्यावर, दुसरं इंजिनवर. जोर दिला की व्ही-८ इंजिन डाव्या बाजूने वर उचलू बघतं, त्याला धरून ठेवतं ते माउंट. माउंटच तुटलेलं असल्यामुळे इंजिन उसळत होतं, त्याच्याबरोबर झेड बार तिरका होत होता आणि क्लचची पकड बदलत होती. झेड बार बिचारा माझ्या पायापर्यंत निरोप पोचवत होता, "साहेब, इंजिन सुटलंय!" हायड्रॉलिक केलं असतं तर काय झालं असतं? तेलाची नळी लवचिक असते. इंजिन कितीही उसळलं तरी पेडलला काही कळलं नसतं. क्लच लोण्यासारखा चालला असता, आणि मी तुटलेल्या माउंटवर कुटुंबाला बसवून हायवेला लागलो असतो.

ही भीती काल्पनिक नाही. तुटलेल्या माउंटमुळे इंजिन उचललं जाऊन अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची आणि गाडी आपोआप वेग घ्यायची, या कारणाने जनरल मोटर्सला डिसेंबर १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. माझं माउंट दोन संध्याकाळींत बदलून झालं आणि क्लचची लहर गेली. झेड बारला मी हातही लावला नाही.

माझा मुख्य आक्षेप आहे तो इथे. अनावश्यक बदलात पैसे वाया जातात, ते एक वेळ सोसता येतं. पण त्यात दोषाचं लक्षण पुसलं जातं आणि दोष तसाच राहतो, हे मात्र धोक्याचं आहे.

फ्री प्लेचंही तसंच. दांड्यांच्या क्लचला पेडलच्या सुरुवातीला सुमारे एक इंच मोकळा प्रवास ठेवतात. क्लच प्लेट झिजत जाते तसा तो कमी होत जातो. वर्षातून दोनदा बोटाने दाबून बघितलं की प्लेटची तब्येत कळते, पैसे शून्य. हायड्रॉलिक ते आपोआप जुळवून घेतं. सोय आहेच, पण मग प्लेट संपत आल्याची बातमी एकदम चढावर क्लच घसरायला लागल्यावरच कळते.

माझा पोटापाण्याचा धंदा संगणकांचा. तिथे हा आजार मी रोज बघतो. जुनी प्रणाली कुरकुरते, कुणीतरी मोठा साहेब "कालबाह्य!" म्हणतो आणि क्लाउडवर स्थलांतराचा प्रकल्प सुरू होतो. जुनी प्रणाली का कुरकुरत होती, हे विचारायला कुणालाच सवड नसते. मग मूळ माहितीतला घोळ नव्या प्रणालीतही तसाच उतरतो, फक्त आता तो चकचकीत पडद्यावर दिसतो. एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना पत्रकार परिषदेत कोबोल जाणणाऱ्यांना मदतीचं आवाहन करावं लागलं. जुनं यंत्र चालू होतं, ते जाणणारी माणसं उरली नव्हती. आपल्या गॅरेजांतही तेच होऊ घातलंय. किट बसवता येणारे पुष्कळ, झेड बार जुळवता येणारे मोजके. आणि आपण प्रत्येक वेळी "बदलून टाका" म्हणतो तेव्हा त्या मोजक्यांतला आणखी एक कमी करतो.

मग करावं कुणी?

आता ते दोघे. पहिला, ज्याने इंजिन किंवा गिअरबॉक्सच बदललाय. नव्या पाच-सहा गिअरच्या बॉक्सबरोबर जुनी जोडणी जुळत नसेल किंवा मोठे एक्झॉस्ट हेडर नेमके झेड बारच्या जागेतून जात असतील, तर हायड्रॉलिक हे शहाणपणाचं उत्तर आहे. दुसरा, सत्तरच्या दशकातल्या सीजे जीपचा मालक, जो ती खरोखर खडकांतून नेतो. तिच्यातही इंजिन आणि चासी यांच्यामध्ये असाच एक बेलक्रँक असतो. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते, इंजिन वेगळं हलतं आणि तो बेलक्रँक जागेवरून निसटू शकतो. ऐन चढावर क्लच जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. तिथे तेलाची लवचिक नळी हवीच. पुढच्या रँग्लरला कंपनीनेही तीच दिली.

गुडघे कुरकुरायला लागलेल्या मित्रांनाही मी नावं ठेवणार नाही. पण त्यांनी आधी डायफ्रॅम प्लेट घालून बघावी. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. आणि 'कारखान्यातून आली तशीच पाहिजे, स्क्रूसुद्धा बदलायचा नाही' म्हणणाऱ्या सोवळ्यातल्या मंडळींनाही एक गोष्ट सांगायची आहे. पहिल्या मस्टँगा दोन वर्षांच्या आत दहा लाखांवर विकल्या गेल्या, त्या चालवण्यासाठी. देव्हाऱ्यात ठेवून गाडी टिकत नाही. बदल करायला हरकत नाही, फक्त बदलाला कारण असावं आणि काढलेले भाग खोक्यात जपून ठेवावेत, पुढच्या मालकासाठी.

बाकीच्या आठ जणांना माझी हात जोडून विनंती. किटची ऑर्डर देण्याआधी एक शनिवार काढा. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकखाली कुणीही शिरू नका). घरातल्या कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन एकेक सांधा बघा. कुठली दांडी हलते आणि तिच्यापुढची हलत नाही, तिथे तुमचा चोर. मग दोन्ही इंजिन माउंट बघा. मदतनीस स्प्रिंग जागेवर आहे का बघा. झेड बार काढून बुश नवे घाला, वंगण लावा, फ्री प्ले जुळवा. पेडल दाबायला तुमच्या मुलीला किंवा मुलाला बसवलंत तर फारच छान. फोनच्या पडद्याखाली काय चालतं ते त्यांना कधी दिसणार नाही, तरफ मात्र डोळ्यांना दिसते. आपल्या गावाकडे कोपऱ्यावरचा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून दोष सांगायचा. त्याच्याकडे किट नव्हतं, म्हणून तो आधी ऐकायचा. आपल्याकडे किट आहेत म्हणून आपण ऐकायचं सोडू नये, इतकंच.

एवढं सगळं करूनही पेडल नाठाळच राहिलं, तर हायड्रॉलिक खुशाल करा. नवीन नळीतली हवा काढताना एकाने पेडल दाबायचं असतं आणि दुसऱ्याने खाली नट सोडायचा असतो, म्हणजे माणसं दोन लागतात. मला फोन करा, पेडल दाबायला मी येतो. फक्त चहा घरचा पाहिजे, आल्याचा.